बाजू पालटा

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा. जमैकातही वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूनेच धावतात, आणि ‘जॉली जोसेफ’ हे लाडकं नाव मिळालेली सिटी बस गच्च भरून आली की थांबायचं नाव घेत नाही. तारीख १५ ऑक्टोबर १९७६, शुक्रवार, सकाळचे अकरा. तुम्ही किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर उभे आहात. समोर व्हिक्टोरिया पार्क, जवळच १९१२ साली बांधलेलं वॉर्ड थिएटर. शेंगदाणेवाल्याच्या ढकलगाडीवरची वाफेची शिट्टी अखंड वाजते आहे, तरी मधूनमधून ऐकू येईनाशी होते. कारण जागोजागी दुकानांच्या दारात पुरुषभर उंचीचे स्पीकर उभे केले आहेत आणि प्रत्येकाचा बेस शेजारच्यावर कुरघोडी करतो आहे.

नाक्यावर सैनिक दिसतील. त्यांच्याकडे टक लावून बघू नका. १९ जूनपासून इथे आणीबाणी आहे. तुम्हाला हा शब्द नवा नाही. या घडीला भारतातही आणीबाणीच चालू आहे. इथलं कारण निराळं. पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांचा पक्ष आणि एडवर्ड सीगा यांचा विरोधी पक्ष, या दोघांच्या नावाने बंदुका घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांनी गरीब वस्त्या आपसात वाटून घेतल्या आहेत. दोन महिन्यांनी निवडणूक होईल. त्याआधी ३ डिसेंबरला बॉब मार्ली यांच्या घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील. हे तुम्हाला ठाऊक आहे, इथल्या कोणालाच नाही. तोंड बंद ठेवा आणि १७ क्रमांकाच्या दुकानात शिरा.

हे ‘रँडीज’. विन्सेंट चिन आणि त्यांची पत्नी पॅट्रिशिया यांचं दुकान. पॅट्रिशियांना सगळे ‘मिस पॅट’ म्हणतात. त्यांचं कूळ अर्धं चिनी, अर्धं भारतीय. माडीवर स्टुडिओ आहे. वर ध्वनिमुद्रण झालेलं गाणं खाली गल्ल्यावर विकायला, असा इथला सुटसुटीत कारभार. गल्ल्यामागचा पोऱ्या नवी सात इंची रेकॉर्ड लावतो. ढोलाची एक उसळी, मग बेस. गाणारा अजून पुरता गळा मोकळा करत नाही तोच गर्दीतून चार हात वर जातात. पोऱ्या पत्ते वाटावेत तशा चार प्रती सरकवतो, पैसे गोळा करतो, सुई उचलतो. पुढची रेकॉर्ड. या वेळी एकही हात वर होत नाही. अर्ध्या मिनिटात त्या बिचाऱ्या गायकाचा निकाल लागला.

एक प्रत हातात घेऊन नीट बघा. मधलं भोक मोठं, ज्यूकबॉक्सला चालेल असं, पण नेमकं मधोमध असेलच याची खात्री नाही. प्लॅस्टिक हलकं, त्यामुळे नव्या कोऱ्या रेकॉर्डमध्येही चरचर. काही रेकॉर्डवर लेबल छापून व्हायच्या आतच माल बाजारात आला आहे. पांढऱ्या कागदावर कोणीतरी पेनाने नाव खरडलं आहे. आता ती पालटा. मागच्या बाजूला बहुधा एकच शब्द असेल : ‘व्हर्जन’. तुमच्या शेजारची बाई तेच म्हणते आहे. तिच्या खांद्याला कापडाची पिशवी, गळ्यात शिंप्याची टेप.

“ते कळलं रे. मागची बाजू लाव. मग सांगते घेणार की नाही.”

या मागच्या बाजूची कुळकथा साठीच्या दशकाअखेरची. स्पॅनिश टाउन गावात रडी रेडवूड नावाचे साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाच भरवणारे, होते. ड्यूक रीड यांच्या ‘ट्रेझर आइल’ स्टुडिओत त्यांनी पॅरागन्सच्या ‘ऑन द बीच’ या गाण्याची एक खास तबकडी कापून घेतली. कापणाऱ्याच्या हातून आवाजाचा ट्रॅक राहून गेला. रेडवूड यांनी ती तबकडी फेकून दिली नाही. नाचाच्या रात्री आधी गाणं वाजवलं आणि पाठोपाठ ही बिनआवाजाची तबकडी लावली. मैदानातली माणसं स्वतःच गायला लागली. निर्मात्यांनी हिशेब चटकन केला : मागच्या बाजूसाठी दुसरं गाणं बसवायला नको, वादकांना दुसऱ्यांदा पैसे द्यायला नकोत, आणि लोकांना तेच हवं आहे. १९७० मध्ये यू-रॉय यांनी अशाच मोकळ्या झालेल्या जागेत आपलं बोलणं पेरलं आणि त्यांची गाणी जमैकाच्या यादीत सगळ्यांत वर जाऊन बसली.

टेपवाल्या बाईने दोन रेकॉर्ड घेतल्या. ती बाहेर पडून शेजारच्या चॅन्सरी लेनकडे वळते आहे. तिच्या मागोमाग जा.

इथल्या कट्ट्याचं नाव ‘आयडलर्स रेस्ट’. म्हणजे रिकामटेकड्यांचा विसावा. पण इथे कोणी रिकामं नाही. बेस वाजवणारे, गळा घेऊन आलेली पोरं, अमुक निर्माता येईल आणि आज काम देईल म्हणून थांबलेले ढोलवाले. सवाईच्या मांडवाबाहेर चहा पिताना भीमसेन की कुमार यावर जशी जुंपते, तशी इथे रोज जुंपते. फरक इतकाच की ज्यांच्यावरून वाद चालतो, ते पुष्कळदा पलीकडच्या भिंतीला टेकून ऐकत असतात.

आजचा विषय बर्निंग स्पिअर. तीन दिवसांवर राष्ट्रवीर दिन आलेला, त्यामुळे मार्कस गार्वी यांचं नाव निघणारच. गार्वी हे जमैकाचे पहिले राष्ट्रवीर. काळ्या माणसाने आफ्रिकेकडे मान वर करून बघावं, हे त्यांनी शिकवलं. त्यांचा जन्म १८८७ चा, सेंट अ‍ॅन्स बे गावातला. बर्निंग स्पिअर, म्हणजे विन्स्टन रॉडनी, हेही त्याच गावचे. ओचो रिओसच्या जॅक रूबी यांनी रॉडनींकडून गार्वींवरचं गाणं करून घेतलं ते खरं तर आपल्या साउंड सिस्टिमपुरतं. पण लोकांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून ते विकायला काढावं लागलं. मग १९७५ मध्ये ‘मार्कस गार्वी’ ही पूर्ण एलपी आली. ध्वनिमुद्रण झालं इथेच, तुम्ही आत्ता बाहेर पडलात त्या दुकानाच्या माडीवर.

“लंडनहून भावाने पाठवली,” जटांवर विणलेली टोपी घातलेला एक जण आयलंड कंपनीची प्रत पुढे करतो. “बघ, कव्हर कसलं देखणं. प्लॅस्टिक जड. एक चरचर नाही.”

“आणि बेस कुठे गेला?” शिंपीणबाई विचारते.

वादाची गाठ इथेच आहे. आयलंडने इंग्लंडातल्या गोऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला सोसावं म्हणून सगळी गाणी नव्याने मिक्स करून घेतली. खालचा दणका कमी केला, वरचं घासूनपुसून लख्ख केलं. इथल्या मिक्समध्ये बेस पुढे आणि गायक त्याच्या सावलीत. तिथल्या मिक्समध्ये गायक उजेडात आणि बेस मागच्या रांगेत. टोपीवाल्याचं म्हणणं असं की गार्वींचं नाव लंडनपर्यंत पोचलं हे मोठं. रेकॉर्ड किंग्स्टनमध्येच राहिली असती तर कोण ऐकणार होतं? बंदरावर हमाली करणारा एक थोराड गडी मान हलवतो. “ज्या गाण्यात गुलामीची आठवण आहे, त्याचा पायाच छाटायचा? आणि तोही मालकाला आवडावं म्हणून?” मग टोपीवाला या वर्षी निघालेल्या ‘गार्वीज घोस्ट’चं नाव काढतो : त्याच एलपीचा डब, म्हणजे बहुतेक गळा काढून ढोल-बेस पुढे आणलेलं मिक्स, तोही आयलंडचाच. तो तर आवडला ना तुला? हमाल गप्प होतो. पण हरल्यासारखा नव्हे. त्याला पुन्हा एकदा ऐकून उत्तर द्यायचं आहे.

इथे वाद घालायचा एक अलिखित नियम आहे, तो ध्यानात घ्या. नुसतं गाण्याचं नाव सांगून भागत नाही. कोणती बाजू, कोणाचं मिक्स, आणि कोणाच्या सेटवर, म्हणजे साउंड सिस्टिमवर, ऐकलं, एवढं सांगितल्याशिवाय तुमच्या आवडीला किंमत नाही.

पुढचा वाद लवकर पेटतो आणि तितक्याच लवकर विझतो. पहिला डब अल्बम कोणता? एकजण म्हणतो, हाफ वे ट्रीच्या दुकानवाल्या हर्मन चिन लॉय यांचा ‘अ‍ॅक्वेरियस डब’. दुसरा वरच्या माडीकडे बोट दाखवतो : क्लाइव्ह चिन आणि एरल थॉम्पसन यांनी इथे केलेला ‘जावा जावा जावा जावा’. तिसऱ्याच्या मते ली पेरी यांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’, ज्याच्या मोजक्याच प्रती निघाल्या आणि म्हणून ज्याच्याकडे ती आहे तो कोणाला हात लावू देत नाही. सगळे १९७३ च्या आगेमागेचे. पन्नास वर्षांनीही याचा निकाल लागलेला नाही, हे तुम्ही मनातल्या मनात ठेवा.

दुपार उलटली. शिंपीणबाई वॉटरहाउसला राहते. तिकडे निघालेल्या शेअर टॅक्सीत चौघांच्या जागी सहा जण कोंबले आहेत. तुम्ही सातवे. दरवाजा लागला की निघाली.

मॅक्सफिल्ड अ‍ॅव्हेन्यूवर चालक आपण होऊन वेग कमी करतो. इथे ‘चॅनेल वन’. जो जो आणि अर्नेस्ट हूकिम या भावांचा मूळ धंदा ज्यूकबॉक्सचा. १९७२ मध्ये त्यांनी स्टुडिओ काढला. लोकांनी कोणत्या गाण्याला नाणी टाकली हे ज्याने वर्षानुवर्षं मोजलं, त्याला काय चालतं ते सांगावं लागत नाही. यंदा सगळ्या शहरावर राज्य आहे ते यांच्या ‘रेव्होल्यूशनरीज’ या वादकसंचाचं आणि स्लाय डनबार यांच्या ढोलाचं. आधीच्या रेगेत, म्हणजे इथल्या या संगीतात, ढोलाचा भार तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडायचा, कार्लटन बॅरेट यांच्या हातून पडायचा तसा. स्लायनी मधल्या जागा भरल्या. कवायतीची पावलं पडावीत तसा ठोका आला. मायटी डायमंड्सची ‘राइट टाइम’ ऐकलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

“चोरी आहे ती,” चालक आरशातून तुमच्याकडे बघत म्हणतो. त्याचा रोख असा : चॅनेल वनने गाजवलेल्या कितीतरी चाली दहा वर्षांपूर्वीच्या आहेत, कॉक्सन डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मधल्या, ब्रेंटफर्ड रोडवरच्या. नवा ढोल लावला, आवाज बदलला, लेबल बदललं.

“आणि कॉक्सनने त्या स्वतः बांधल्या होत्या का?” शिंपीणबाई खिडकीबाहेर बघतच बोलते. “लेरॉय सिबल्सने एवढे बेस बांधून दिले. त्याला मिळाला पगार. गाणं कोणाचं, तर दुकानदाराचं.”

टॅक्सीत शांतता. बाईच्या म्हणण्याला तोड नाही. जमैकात या वेळी लागू आहे तो ब्रिटिशांचा १९११ चा कॉपीराइट कायदा. देशाचा स्वतःचा कायदा यायला १९९३ उजाडेल. वादकाला दर गाण्यामागे रोख पैसे मिळतात, मग ती चाल शंभर रेकॉर्डमध्ये फिरली तरी त्याचा तिच्याशी संबंध उरत नाही. ज्या मोकळीकीमुळे एका बेसमधून शंभर गाणी जन्मली, तीच मोकळीक बेस वाजवणाऱ्याच्या ताटातून घास काढून घेते. आवडीच्या रेकॉर्डबद्दल बोलताना ही बाजूही पालटून बघावी लागते.

१८, ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यू. साधं बैठं घर, फाटकाशी गर्दी. आज शुक्रवार आहे. शनिवार-रविवारच्या नाचांसाठी साउंड सिस्टिमवाले ताज्या तबकड्या कापून घ्यायला इथे रांग लावतात. घर ऑस्बर्न रडॉक यांचं. जगाला ते ‘किंग टबी’ या नावाने माहीत आहेत. वय पस्तीस, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं कमी. मूळ धंदा विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या हाताने वळायच्या, साउंड सिस्टिमवाल्यांना अ‍ॅम्प्लिफायर बांधून द्यायचे, बिघडलेला रेडिओ चालू करून द्यायचा. ट्रेझर आइलमध्ये तबकड्या कापता कापता त्यांनी ओळखलं की गाण्यातून काय काढलं म्हणजे उरलेलं अंगावर येतं.

खोलीत शिरा, पण भिंतीला चिकटून उभे राहा. जागा एका शय्यागृहाएवढी, कारण ते मुळात शय्यागृहच होतं. न्हाणीघरात आता गायक उभा राहतो. इथे वाद्यवृंद मावणारच नाही. निर्माते दुसरीकडे वाजवून घेतात आणि टेप काखोटीला मारून इथे येतात. टेपवर चार ट्रॅक : ढोल एकावर, बेस दुसऱ्यावर, गिटार-ऑर्गन-पिपाण्या तिसऱ्यावर, गळा चौथ्यावर. मधोमध एमसीआय कंपनीचं मिक्सर. डायनॅमिक साउंड्स स्टुडिओने काढून टाकल्यावर इथे आलं. त्याच्यावरचं एक मोठं गोल बटण नीट बघून घ्या.

टेप सुरू. पहिल्या ओळीला गळा आहे. दुसऱ्या ओळीत गायकाने अर्धा शब्द उच्चारला आणि टबींच्या बोटाने चौथा ट्रॅक खाली ओढला. तो अर्धा शब्द प्रतिध्वनीच्या टेपवर फिरत, विरत खोलीभर जातो. गिटारचा एक तुकडा येतो आणि नाहीसा. मग सगळंच जातं. उरतो ढोल आणि बेस. बेस कानाने ऐकू येत नाही म्हणालात तरी चालेल. तो बरगड्यांना कळतो. आता हात त्या मोठ्या बटणावर. ते टप्प्याटप्प्याने फिरतं, ७० हर्ट्झपासून साडेसात हजारांपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याला खालचे स्वर कापले जातात. भरदार ढोल पातळ होत होत शेवटी नुसती झांजेची सुरी उरते. एका उलट्या झटक्यात बटण मूळ जागी, आणि बेस परत अंगावर. मधेच टबी स्प्रिंग-रिव्हर्बच्या पेटीवर थाप मारतात : खोलीत वीज कडाडते.

साडेतीन मिनिटं. दुसरा प्रयत्न नाही. हे सगळं चालत्या टेपवर, हाताने, एका दमात झालं. कुठे लिहून ठेवलेलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकासाठी हीच टेप लावली तरी निघेल ते वेगळंच. शेजारी कापण्याचं यंत्र फिरतं, दहा इंची अ‍ॅसिटेटवरून काळ्या धाग्यासारखी लाख सुटत जाते. ही तबकडी फार वेळा वाजवली की झिजते, पण मालकाला फिकीर नाही. उद्या रात्री समोरच्या सेटकडे ती नसेल, यात त्याचे पैसे वसूल.

अंगणात वाद वाट बघतोच आहे, आणि तो सगळ्यांत मोठा आहे : टबी की ली पेरी? पेरींचा ‘ब्लॅक आर्क’ इथून फार लांब नाही, वॉशिंग्टन गार्डन्समध्ये, त्यांच्याच घराच्या परसात. त्यांच्याकडेही चारच ट्रॅक. पण भरलेले ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा काही भरायचं, मग पुन्हा उतरवायचं. प्रत्येक फेरीला टेपची खरखर वाढते आणि ती खरखरही पेरी वाद्यासारखी वापरतात. यंदाच त्यांनी मॅक्स रोमिओंचा ‘वॉर इना बॅबिलॉन’ केला, ज्युनिअर मर्विन यांचं ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ केलं, ‘सुपर एप’ केला. टोपीवाला पेरींच्या बाजूचा : “टबी दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवतो. पेरी घरच बांधतो.” हमाल टबींच्या बाजूचा : “भरायला कोणालाही येतं. काढून दाखव.”

शिंपीणबाई पिशवीतून एक रेकॉर्ड काढते. जेकब मिलर यांचं ‘बेबी आय लव्ह यू सो’, निर्माता ऑगस्टस पाब्लो. पुढच्या बाजूला प्रेमाचं गोड गाणं. मागच्या बाजूला ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ : मिलर यांच्या गळ्याचे उडते तुकडे, पाब्लोंची मेलोडिका, आणि कार्लटन बॅरेट यांचा ढोल प्रतिध्वनीत कोसळत जाणारा. बाईचा प्रश्न सरळ आहे. “पुढची बाजू कोणाला आठवते, हात वर करा.” एकही हात वर होत नाही. टोपीवाला मात्र हटत नाही. तो म्हणतो, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या मिक्सवर पेरी आणि टबी दोघांचा हात होता, मग आता कोणाच्या नावावर मांडायचा? अंधार पडतो. वाद सुटत नाही. परत निघायची वेळ तुमची झाली आहे, त्यांची नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, नसेल तर थोडक्यात असं. सत्तरीचं दशक सरता सरता ब्लॅक आर्क जळून गेला. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी किंग टबींना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालून मारलं. चिन दांपत्याने न्यूयॉर्कला जाऊन १९७९ मध्ये व्हीपी रेकॉर्ड्स ही कंपनी उभी केली. ‘आयलंड’चं लख्ख मिक्स जगभर गेलं आणि बहुतेकांनी बर्निंग स्पिअर तसेच ऐकले. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आता तुमच्या फोनवर यातलं जवळपास सगळं एका बोटावर आहे, फक्त बेस सोडून. फोनच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही.

माझं मत विचाराल तर ‘मार्कस गार्वी’च्या बाबतीत मी हमालाच्या बाजूचा. गायक सावलीत राहिला तर ते गाणं एकाचं न राहता जमावाचं होतं. मूळ जमैकन मिक्समध्ये ते कळतं, लंडनच्या मिक्समध्ये ते एका कलावंताचं होऊन बसतं. टबी की पेरी याचा निकाल मी देणार नाही, कारण तो प्रश्न ज्याने एकदाच ऐकलं त्याला सोपा वाटतो. तुम्ही मात्र एक करा. मोठा स्पीकर असलेल्या कोणा मित्राकडे जा, शेजाऱ्यांची आधीच परवानगी काढा. ‘बेबी आय लव्ह यू सो’ पूर्ण ऐका, मग मागची बाजू लावा. त्यानंतर स्पिअरची दोन्ही मिक्स एकापाठोपाठ एक ऐका. मग हवा तितका वाद घाला. पण कोणती बाजू, कोणाचं मिक्स आणि कोणाच्या सेटवर, हे आधी सांगून.